पेढ्याने यायचं कुणाकडे?

...आणि 'बस' म्हणायचं की 'सिट' म्हणायचं यावर मीटिंग, बरं का! कुत्र्याला! सव्वा तास! तुम्हाला सांगतो, वडिलांच्या तेराव्याचा स्वयंपाक आम्ही पाच मिनिटांत ठरवला होता, आणि इथे एक दीड वर्षाचा कुत्रा, रंगाने पेढ्यासारखा म्हणून नाव पेढा, त्याने आपलं बूड लादीला टेकवावं यासाठी कुठला शब्द उच्चारायचा, तर त्याकरता चार पोक्त माणसं पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून बसलेली. आपापल्या खुर्च्या, हां. त्याची खुर्ची मी वापरत नाही आणि माझी तो वापरत नाही. तो म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, वसंतदादा. आणि आमचं बोलणं बंद.

अकरा वर्षं.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा बंडू नेहमीसारखा मधूनच सुरू झाला. तर ठाकूरद्वारला आमची जागा, तिसरा मजला. दोन खोल्या दादाच्या, दोन माझ्या, मधे पॅसेज, पुढे दोघांची मिळून एक लांबलचक गॅलरी, आणि बाहेरचं दार एकच. अकरा वर्षांपूर्वी काय झालं, मी गॅलरीत कपड्यांच्या दोरीसाठी खिळा ठोकत होतो. दादा बाहेर आला. म्हणाला, "विचारून ठोकत जा. पावती माझ्या नावावर आहे." भाड्याची पावती हो. वडील गेल्यावर मोठा म्हणून त्याच्या नावावर झाली, तेव्हा मी हूं की चूं केलं नव्हतं. पण त्या दिवशी हातात हातोडा होता, आणि हातात हातोडा असला की माणसाला उत्तरं सुचतात. मी म्हटलं, "मग खिळापण नावावर करून घे." झालं. तो आत गेला, मी आत गेलो, आणि तिथून पुढे आमचं बोलणं बंद.

बायका बोलत होत्या. माझी लीला आणि दादाची नलूवहिनी. भांडण आमचं, कोथिंबीर कॉमन. फक्त आम्ही दोघांपैकी कुणी दिसलं की दोघी एकदम गंभीर व्हायच्या, आमच्या युद्धाचा मान राखायला. आणि अगदीच काही सांगायची वेळ आली, म्हणजे पाणी जाणार आहे, मीटरवाला आलाय, तर आमची एक पद्धत होती. छताशी बोलायचं. पॅसेजमध्ये उभं राहायचं, वर बघायचं, म्हणायचं, "उद्या पाणी नाही म्हणे." मग तिकडून छतालाच उत्तर, "माहीत आहे." अकरा वर्षांत आमच्या छताला जेवढं कळलं तेवढं आमच्या नातेवाइकांना नाही कळलं.

व्यवस्थित चाललं होतं. आणि मग माझ्या मुलीने हे पिल्लू आणलं.

मनवाचं ऑफिस परळला. पूर्वी गिरणी होती तिथे आता काचेची बिल्डिंग आहे, तिच्या मागच्या पार्किंगमध्ये हे सापडलं, एक पाय मोडलेला. आली घरी, लॅपटॉप हातात आणि पिल्लू लॅपटॉपच्या बॅगेत. मला म्हणाली, बाबा, फक्त आठवडाभर. आता मला सांगा, सकाळी नऊला ही बाई जाते ती रात्री नऊला उगवते, मग आठवडाभर म्हणजे कुणाचा आठवडा? माझा! मी रिटायर्ड ना. गोदीच्या ऑफिसात अडतीस वर्षं क्लार्की केली, आता म्हातारपणी बढती मिळाली, कुत्र्याचा शिपाई.

पाय बरा झाला, आठवड्याचं वर्ष झालं, कुत्रा राहिला. राहू दे. पण त्याला कोण सांगणार की पॅसेजच्या चौथ्या लादीपासून पुढे शत्रूचा मुलूख आहे? तो आपला सकाळी माझ्याकडे दूधपोळी खाणार, अकरा वाजता दादाकडे जाऊन पंख्याखाली झोपणार, चारला माझ्याकडे, सहाला पुन्हा तिकडे. सरळ दुहेरी नागरिक. आणि दादाने म्हणावं ना, जा बाबा, तू त्यांचा! नाही. पुढे मला कळलं की तो त्याला सोडे घालत होता. सोडे! सुकवलेली सोललेली कोलंबी, जी आमच्या घरात पाहुणा आला तरी मोजून खिचडीत पडते, ती कुत्र्याला, मूठमूठ. आता माझ्या दूधपोळीची काय टाप आहे सोड्यांपुढे?

मग एक दिवस पापलेटचं झालं. सुंदराबाई, आमची मासेवाली, वीस वर्षं येते. पॅसेजमध्ये टोपली उतरवते, दोन्ही घरं तिथेच मासे घेतात, आधी ते मग आम्ही, म्हणजे समोरासमोर यायला नको. मी पापलेट निवडलं, चांगलं पंज्याएवढं, सुंदराबाईने बाजूला ठेवलं, आणि हा पेढा आला, उचललं आणि गेला. कुठे? तर दादाच्या पलंगाखाली! मी पॅसेजमधून छताला म्हटलं, "कुणाच्या तरी घरात माझा मासा गेलाय." आतून छताला उत्तर, "ज्यांचा कुत्रा त्यांनी कुत्रा सांभाळावा." मी वर बघून म्हटलं, "कुत्र्याला सोडे घालून सवय कुणी लावली?" सुंदराबाई दोन मिनिटं माझ्याकडे बघत होती, मग छताकडे बघितलं, मग म्हणाली, "तुमी दोघं भाव वर बघून भांडताव, खाली त्यो मासा खातोय, त्याच्याकडं बघा कुनीतरी."

तोपर्यंत डोकं उरलं होतं.

मनवाला रात्री कळलं. म्हणाली, बाबा, आता याला ट्रेनिंग द्यायलाच हवं. मी म्हटलं, दे. तर ती कुठली देते? तिने माटुंग्याची एक मुलगी बोलावली. नूपुर. सव्वीस-सत्तावीसची असेल, कमरेला छोटी पिशवी, पिशवीत उकडलेल्या चिकनचे तुकडे. दर रविवारी एक तास, सहा रविवार, आणि बाकी सहा दिवस गृहपाठ. गृहपाठ कुणाला? बरोब्बर.

आली, आणि कुत्र्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, काका, त्याला बसायला सांगा. मी म्हटलं हात्तिच्या. "बस. पेढ्या, बस. अरे बस ना. बस म्हटलं ना तुला? बसतोस का नाही? बस!" आणि बसला. मी असा ऐटीत तिच्याकडे बघतोय, तर ती शांतपणे म्हणाली, काका, तुम्ही सहा वेळा सांगितलंत, त्याला वाटतं सहा वेळा म्हटलं की बसायचं असतं, तो सहाव्याची वाट बघत उभा राहतो. एकदाच सांगायचं. घास त्याच्या नाकाशी धरायचा, हळूच डोक्यावरून मागे न्यायचा, नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं, टेकलं रे टेकलं की घास आणि शाबासकी. मी करून बघितलं. हो, आलं की बूड खाली! तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षांत मी एकदाच सांगितलेलं कुणी ऐकल्याचा हा पहिला प्रसंग.

मग तिने दुसरा नियम सांगितला. बोलावून ओरडायचं नाही. चप्पल फाडली, पायपुसणं खाल्लं, काहीही असो, 'ये' म्हटलं आणि आला तर कौतुकच करायचं. कारण आल्यावर बोलणी बसली तर पुढच्या वेळी तो कशाला येईल? मी तिला म्हटलं, मुली, तू पंचावन्न वर्षं आधी यायला हवं होतंस आमच्या घरी. आमचा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याची हाक म्हणजे "बंड्या, इकडे ये," आणि गेलो की टपली. शाईची दौत का सांडली, पाढे का चुकले, माझा कंपास कुणी घेतला. दहा-बारा वर्षांचा झाल्यावर मी हाकेला जाणंच सोडलं. आणि बघा, हे कुत्र्यांच्या शास्त्रात आहे, आमच्या आईला मात्र वाटायचं बंडू उद्धट झाला.

तर 'ये' म्हणायचं ते आनंदी आवाजात. कसं? नूपुरने करून दाखवलं, "पेढ्याऽऽ, येऽऽ", लग्नातल्या करवलीने हाक मारावी तसं. आता माझ्याकडे आनंदी आवाज कुठून येणार? मी दोनदा प्रयत्न केला, खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं काही लागलं का. लीला स्वयंपाकघरातून म्हणाली, जमला की मलापण ऐकवा, चौतीस वर्षं वाट बघतेय.

पण जमलं हो. दहा दिवसांत कुत्रा तयार. 'बस' की बसला, 'ये' की आला. आणि अकराव्या दिवशी मी म्हटलं 'बस', तर हा उठला आणि चालायला लागला. मी म्हटलं 'ये', तर जिथल्या तिथे पुतळा. पुन्हा केलं, तेच. मला वाटलं कानात काही गेलंय. मग दुपारी मी भिंतीला कान लावला. लावावा लागतो, काय करणार? आमचं बोलणं बंद.

तर तिकडे काय चाललेलं. पेढा जाऊन दादाचं तोंड चाटत होता आणि दादा म्हणत होता, "बस, बस, बस रे, झालं, बस." म्हणजे पुरे! म्हणजे हो बाजूला! आता सांगा, मी 'बस' म्हणतो तर बूड टेकायचं, दादा 'बस' म्हणतो तर निघायचं, त्या जनावराने करायचं काय? आणि चपलेला तोंड लावलं की दादा ओरडायचा, "ए!" म्हणजे खबरदार. आणि मी म्हणायचो 'ये'. ए आणि ये! आमच्या शाळेतल्या बाईंनासुद्धा कधी फरक ऐकू आला नाही, तर कुत्र्याला कुठून येणार?

मी पॅसेजमध्ये गेलो आणि छताला म्हटलं, "काही लोक 'बस' हा शब्द चुकीचा वापरतात." आतून छताला उत्तर आलं, "मराठीत बस म्हणजे पुरे असाही अर्थ आहे. काही लोकांना मॅट्रिकला मराठीत बेचाळीस होते." त्रेचाळीस! पण सांगणार कसं?

रविवारी नूपुर आली, पेढा शून्यावर. ती म्हणाली, घरात अजून कोण कोण याच्याशी बोलतं? सगळ्यांना बोलवा, सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, नाहीतर मी शिकवून उपयोग नाही. लीला खाली बघायला लागली. मनवा, ही कार्टी, दोन्ही घरी जेवणारी, गेली सरळ आणि काका-काकूंना घेऊन आली. आणि अशी ती पॅसेजमधली मीटिंग.

नूपुरला बिचारीला काय माहीत? मी तिला म्हटलं, त्यांना सांग की आम्ही मराठीत शिकवतोय. दादा दोन फुटांवर बसलेला. तिला वाटलं याला ऐकू येत नाही. ती त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "काकाऽ, तेऽ मराठीत शिकवतातऽ!" दादा म्हणाला, "मला ऐकू येतं. मी ऐकत नाही, ते वेगळं."

मग सुरू झालं. दादा फोर्टला एका सॉलिसिटरकडे स्टेनो होता, इंग्लिश म्हणजे त्याचा प्राण. त्याचं म्हणणं, सगळ्या आज्ञा इंग्लिशमध्ये हव्यात, कुत्र्याशी इंग्लिशच बोलतात. मी म्हटलं, त्यांना विचार, कुत्रा परळचा आहे, लंडनचा नाही. नूपुर म्हणाली, कुत्र्याला भाषा नसते हो, नुसता आवाज असतो, तुम्ही 'वरण' म्हणालात तरी तो बसेल. यावर दादा गंभीरपणे म्हणाला, "वरण चालणार नाही." मी म्हटलं, मलापण चालणार नाही. नलूवहिनी लीलाला हळूच म्हणाली, चला, एका गोष्टीवर एकमत झालं. सव्वा तासाने तह झाला. दोन शब्द त्याचे, दोन माझे. बसण्यासाठी 'सिट' आणि तोंडातलं सोडण्यासाठी 'लीव्ह', हे दादाचे. 'ये' आणि 'थांब' माझे. 'बस' आणि 'ए' दोन्ही घरांत बंद. सोडे बंद. दादाने दोन प्रती केल्या, सुंदर अक्षर हो त्याचं, आणि दोन्ही प्रतींवर सह्या. दोन देशांच्या सीमा ठरवताना एवढं होत नसेल.

आणि मग त्या मुलीने आम्हाला अडकवलं. म्हणाली, 'ये' पक्कं व्हायचं तर एक खेळ आहे. दोन माणसांनी गॅलरीच्या दोन टोकांना उभं राहायचं. एकाने बोलवायचं, आला की घास. मग दुसऱ्याने बोलवायचं, आला की घास. आळीपाळीने, रोज वीस मिनिटं. मनवा ऑफिसला, बायकांच्या मागे काम. राहिले कोण?

रोज दुपारी दोन वाजता दोन म्हातारे गॅलरीत. या टोकाला मी, त्या टोकाला तो. मी म्हणायचं, "पेढ्या, येऽ." पेढा धावत माझ्याकडे. मग तो, "पेढ्या, ये." समोरच्या इमारतीतली माणसं जेवण सोडून खिडकीत. पहिले तीन दिवस दादाचं 'ये' कसलं, घर रिकामं करायची नोटीस वाचतोय असं वाटायचं. चौथ्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्याने हाक मारली आणि मी चमकून बघितलं. हा आवाज मला माहीत होता. संक्रांतीला गच्चीवर याने कुणाचा पतंग कापला की हा असा ओरडायचा, मी फिरकी धरून मागे उभा असायचो. त्याच्याकडे होता हो हा आवाज. इतकी वर्षं कुठे ठेवला होता? पेढा तर जवळजवळ उडतच गेला. मी छताकडे बघून म्हणणार होतो, बरा जमला. पण म्हटलं कशाला, आमचं बोलणं बंद.

आता मुख्य गोष्ट. पाचवा आठवडा. सकाळचे साडेदहा. गॅस सिलिंडरवाला येऊन गेला आणि बाहेरचं दार उघडं राहिलं. कुणामुळे राहिलं यावर अजून एकमत नाही. मी दाढी करत होतो, लीला ओरडली, "पेढा खाली गेला!" मी तसाच धावलो. अर्ध्या गालाला साबण, अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, पायात काही नाही. तीन जिने उतरून फुटपाथवर आलो तर पेढा रस्त्याच्या मधोमध. का? तर पलीकडच्या फुटपाथवर दादा भाजीची पिशवी घेऊन येत होता, तो दिसला म्हणून हा निघाला होता त्याच्याकडे.

मी बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे केलं. आनंदी आवाज. "पेढ्याऽ, येऽ!" आणि काय सांगू, तो वळला! भर रस्त्यात, मधे टॅक्सी, स्कूटर, हातगाडी, आणि हा एका हाकेला वळला. एक सेकंद माझी छाती फुगली. तेवढ्यात पलीकडून दादा, "पेढ्या, ये!" हा तिकडे वळला. मी पुन्हा, "येऽ!" इकडे वळला. दादा, "ये!" तिकडे. अहो, त्याला वाटलं गॅलरीतला खेळ चाललाय! दोन टोकांना दोन म्हातारे, आळीपाळीने ये ये, चुकतोय कुठे तो? एकच शब्द, दोघांचा, सहीनिशी! एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे, शेपूट हलतेय, एका टॅक्सीवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आम्हा दोघांच्या खानदानाचा उद्धार केला. आणि आमचे चेहरे भीतीने पांढरे, पण आवाज आनंदी, कारण ओरडायचं नाही असं शिकवलेलं ना. लोकांना वाटलं असेल, दोन म्हातारे वेडे झालेत, रस्त्यात उभे राहून लाडात गाणं म्हणतायत.

आणि तेवढ्यात वळणावरून बस आली. लाल, मोठी. मराठीत बसचा हा तिसरा अर्थ, तो कागदावर लिहायचा राहिला होता.

आणि दादाने माझ्याकडे बघितलं. छताकडे नाही, माझ्याकडे. आणि म्हणाला, "बंड्या, तू गप्प!"

मी गप्प झालो. तोंडावर हात ठेवला दोन्ही. दादाने पिशवी टाकली, गुडघे टेकले फुटपाथच्या कडेला, हात पसरले, आणि त्या पतंगाच्या आवाजात म्हणाला, "पेढ्या, येऽऽ!" पेढा निघाला, आणि बस आमच्या मधे आली.

ती बस संपेना हो. बाजूला कसलीशी जाहिरात होती, एक बाई हसतेय, दात दिसतायत, ते दात मला अजून दिसतात. मागून काही आवाज आला नाही. मी तिथेच उभा, तोंडावर हात. मग बस गेली, आणि पलीकडे दादा फुटपाथवर फतकल मारून बसलेला, भोवती भेंडी सांडलेली, आणि पेढा त्याच्या मांडीवर चढून त्याचं तोंड चाटतोय. आणि दादा म्हणत होता, बस, बस, बस रे. कराराचा भंग, पण मी धरला नाही.

मी रस्ता ओलांडला. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने वर बघितलं. अकरा वर्षांनी भाऊ भावाला समोरासमोर काय म्हणाला असेल? म्हणाला, "आधी नाडी बांध."

बांधली. मग मी वर बघून विचारलं, "लागलं का?" तो म्हणाला, "कुणाला विचारतोस?" वर बघितलं तर आकाश होतं, छत घरी राहिलं होतं. मी म्हटलं, "तुला." तो म्हणाला, "गुडघा थोडा." मी हात दिला, तो उठला.

भेंडी गोळा केली, परत निघालो. आणि पहिल्या मजल्यावर तो थांबला. कठड्याला धरून उभा राहिला. मला वाटलं गुडघा. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबला, धापा टाकत. मी म्हटलं, हे कधीपासून? म्हणाला, झाली चार वर्षं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, जिना हळू चढायला सांगितलंय. चार वर्षं! अहो, भिंत एक आमची. त्याचा खोकला मला पाठ, रेडिओ कधी लावतो ते पाठ, आणि माझा भाऊ दोनदा थांबल्याशिवाय घरी पोचत नाही हे मला माहीत नाही. कारण काय, तर आमचं बोलणं बंद.  पिशवी घेतली त्याच्या हातातून आणि उभा राहिलो. पेढा वरच्या पायरीवर बसून आमची वाट बघत होता, कुणी सिट न म्हणता.

वर गेल्यावर बायका रडल्या, मनवाला फोन झाला, नलूवहिनीने शिरा केला. छान. इथे गोष्ट संपायला हवी होती की नाही? तुम्हीच सांगा.

पण नाही हो! तो आता बोलतो. अकरा वर्षांचं तुंबलेलं! तुम्हाला कल्पना नाही. सकाळी साडेसहाला गॅलरीतून सुरू. बंड्या, तुझा पंखा आवाज करतो, तेल घाल. बंड्या, तू चहा फार उकळतोस, भिंतीपलीकडून वास येतो. बंड्या, तू 'सिट' म्हणतोस ते 'शीट' ऐकू येतं, कुत्रा संभ्रमात पडतो, जीभ दाताला लाव. दार त्या दिवशी कुणी उघडं ठेवलं यावर तर सुनावणी चालू आहे, रोज नवीन पुरावा. नलूवहिनी खूश! खूश का नसणार? इतकी वर्षं हे सगळं ती एकटी ऐकत होती. परवा लीलाला म्हणाली, कान कसे मोकळे झालेत माझे.

शेवटच्या रविवारी नूपुरने परीक्षा घेतली. पेढा सिट, पेढा थांब, पेढा लीव्ह, सगळ्यात पास, तोंडातला चिकनचा तुकडासुद्धा सोडला, जो मी सोडला नसता. ती जाताना म्हणाली, इतकं एकजुटीने करणारं घर मी पाहिलं नाही. दादा म्हणाला, आमच्यात आहेच तसं! मी बघत राहिलो त्याच्या तोंडाकडे.

आता रोज दुपारी जेवण झालं की, पावणेदोनला, तो आपली खुर्ची घेऊन माझ्याकडे येतो. जिना नाही चढावा लागत ना, पॅसेज ओलांडला की झालं. पेढा त्याच्या मागून येऊन आमच्या दोघांच्या मधे आडवा होतो आणि ढाराढूर झोपतो. आणि दादा सुरू होतो. त्या सॉलिसिटरच्या ऑफिसात एकोणीसशे ब्याऐंशी साली कुणी कुणाला काय म्हटलं होतं, अथपासून. साडेचारपर्यंत. मी ऐकतो. मधे कधी धाप लागली की थांबतो, मी पाणी देतो, पितो, आणि पुन्हा जिथे सोडलं होतं तिथून, एक शब्द न गाळता. स्टेनो ना.

लीला विचारते, बरं वाटतंय ना आता, बोलायला लागलात ते? वाटतंय. खोटं कशाला सांगू, मोठा भाऊ आहे, बरं वाटतंय. पण तुम्ही म्हणून सांगतो, बाहेर कुठे बोलू नका...

त्या अकरा वर्षांत, दुपारची, काय झोप लागायची हो मला!